एकोणीस सेकंद

डुमागेतेच्या कोर्टात मी कारकून.
टेबलावर आज एक जप्त मोबाइल, एक पंचनामा,
आणि शाळेतून उसना आणलेला मेट्रोनोम,
ज्याच्या लाकडी पोटावर कुण्या पोराने
कर्कटकाने आपलं नाव कोरलंय.

आरोपी लुडिविना काटुबिग, वय एकसष्ट.
मुष्टियुद्धाच्या रात्री, मासळीबाजारामागच्या पत्र्याच्या हॉलात
हिने राष्ट्रगीत लांबवलं.
किती, ते मी मोजायचं.
बँडमास्तर सेनॉनच्या ध्वनिफितीहून
एकोणीस सेकंद जास्त.
तीनदा मोजले. तिन्ही वेळा एकोणीस.

त्यांत काय काय आहे, सांगतो,
पंचनाम्यात त्याला जागा नाही.
एका बॉक्सरच्या बुटाची नाडी सुटते,
तो वाकत नाही.
बदकाची अंडी विकणारा टोपली खाली ठेवतो,
टोपी काढतो, आणि टोपीतली चिल्लर
सिमेंटवरून खणखणत जाते
थेट पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांखाली.
कुणी उचलत नाही.
छातीवरचा हात जरासा वळवून
फिर्यादी तेवढा घड्याळ बघतोय.

'आवेशाने गायलात का?' सरकारी वकील विचारतात.
कायद्यात तसं आहे, आवेशाने गावं.
माझ्या तक्त्यात आवेशाचा रकाना नाही.
मी पेन उचलून धरतो.

ती म्हणते,
'साहेब, मी मयताला गाते.
नऊ रात्री. दारात दिवा, अंगणात पत्त्यांचा डाव,
आणि पेटीतल्या माणसाला कसलीच घाई नसते.
माझा गळा तिथे मुरलाय.
अन् शेवटच्या ओळीत आपण सगळेच
मरायचं म्हणतो ना?
मरायचं म्हणताना
मला नाही पळता येत.'

'हो की नाही, एवढंच सांगा.'
'पळता येत नाही,' ती पुन्हा म्हणाली.
मी तेच लिहिलं.
वकिलांनी खोडायला लावलं.
न्यायाधीशबाईंनी चष्मा पुसला, पुढची तारीख दिली.

संध्याकाळी मेट्रोनोम पिशवीत घालून
तीनचाकीने शाळेकडे निघालो.
बंदराच्या वळणावर खड्डा आला, आतली कडी निसटली,
आणि पिशवी बोलू लागली, टक्, टक्,
कललो की लंगडत, सरळ झालो की नीट.
शेजारच्या बाईने मासळीचं घमेलं जवळ ओढलं.
'काय आहे त्यात?'
'पुरावा,' म्हटलं.

गप्प व्हावा म्हणून पिशवी छातीशी दाबून धरली.
गप्प कसला होतो.
थोड्या वेळाने कळेना
कुठलं टक् त्याचं, कुठलं माझं,
आणि दोघांतलं मागे कोण पडतंय.
स्टॉपवॉच खिशातच होतं.
काढलं नाही.