सव्वापाच रत्ती

सुनेनं फोनवरच जागा धरली.
म्हणाली, बाबा, दगड वेचायची सहल आहे,
हातोडी, चाळण, जेवण त्यांचंच.
मी हसलो.
गुजरीतल्या पेढीवर एकोणचाळीस वर्षं
दगडच तर विकले.
पुष्कराज, गोमेद, लसण्या, नीलम.
सव्वापाच रत्ती, गुरुवारी, तर्जनीत, दुधात बुडवून.
पण जमिनीतून निघताना
एकही पाहिला नव्हता.

मुदाळ तिट्ट्यावर चहा झाला.
पुढं पाटी आली, गारगोटी,
आणि मागच्या बाकावरचा पुण्याचा पोरगा म्हणाला,
मिळणार काय ते गावानं आधीच लिहून ठेवलंय.
सगळे हसले. मीही.

बंद पडलेली खाण.
क्रशरचा पट्टा वाळल्या धामणीसारखा लोंबलेला.
खड्ड्यात हिरवं पाणी, कडेला घाणेरीची झुडपं,
आणि वाट दाखवायला दुर्गव्वा,
डोक्याला पिवळी टोपी, नऊवारीवर
सहल कंपनीचं जाकीट.
"आधी पाणी मारा," ती म्हणाली,
"वाळल्या दगडाला त्वांड नसतंय."

पाणी मारलं.
काळ्या कातळाला खरंच तोंड फुटलं,
आत पांढरे दात, बारीक, ओले,
एका पोकळीत तर कापसासारखे तंतू.
पोरं ओरडली. फोटो काढले.
मी चष्मा पुसला, सवयीनं भिंग काढलं,
आणि डाग शोधू लागलो.

"काय बघालायसा एवढं?"
खोट, म्हटलं.
"दगडात कसली खोट?"

तिनं इथंच खडी फोडली, लग्नाआधी आणि नंतर.
ब्रासवर मोजायची.
काळ्यात पांढरं आलं की मुकादम पैसे कापायचा,
म्हणायचा, सिमेंट धरत न्हाई असलं.
"ढिगानं फेकलं की हो. त्या वगळीत बघा,
अजून चमकतंय उन्हात."

मी वगळीकडं पाहिलं.
का कोण जाणे, आजऱ्याची एक बाई आठवली,
नवऱ्याच्या बोटातला नीलम
रुमालाच्या गाठीत बांधून परत आणलेला.
मीच दिला होता, तीन दिवस उशाशी ठेवून बघा म्हणालो होतो.
खडा तोच, वजन तेच.
मी घट कापून पैसे मोजले.
तिनं ते मोजले नाहीत.

"आणि ह्यो कुठल्या खाणीतला?"
दुर्गव्वानं माझ्या मधल्या बोटाकडं
हातोडीचा दांडा केला.
सिलोनचा, म्हणणार होतो.
जीभ उचलली, पण पुढं गेली नाही.
पावतीवर तसं असतं, एवढंच मला माहीत.

दुपारी पत्र्याच्या शेडात भाकरी, पिठलं, खर्डा.
जेवण झाल्यावर तिनं दार ओढून घेतलं,
पोरांना म्हणाली, गप बसा,
आणि अंधारात दोन गारगोट्या
एकमेकींवर घासल्या.
आतून उजेड आला.
ठिणगी नव्हे. दगडच क्षणभर
नारिंगी होऊन विझला,
आणि काहीतरी जळाल्याचा वास
तिच्या तळहाताशी राहिला.
"हे फुकाट," ती म्हणाली. "ह्याचं कोण पैसं देतंय?"

जाताना माणशी एक किलो न्यायची मुभा.
काट्यावर पुण्याच्या पोरानं
जांभळट खडा ठेवला, आणि एक, आणि एक.
मी दोनच घेतल्या, वगळीतल्या, मातीसकट.

घरी येऊन कपाटातला जुना तराजू काढला,
पितळी पारडी, मखमलीची डबी, गुंजेएवढी वजनं.
गारगोटी पारड्यात मावेना.
कडेवरून घरंगळून फरशीवर पडली,
एक टवका उडाला. फरशीचा.

रात्री न्हाणीघरात दिवा मालवून
मी उभा राहिलो, बनियनवर, दोन्ही हातात दगड.
पहिल्यांदा काहीच नाही.
अंगठी आड येत होती.
काढून साबणाच्या डबीत ठेवली.

मग जमलं.

बाहेरून सून दार वाजवत होती,
बाबा, लाईट गेली का?
म्हटलं, नाही गं.
थांब जरा.