चाळीस मीटर

साठीपुढच्या गटात आम्ही दोघीच:
मी आणि मडगावची इर्मा कुलासो,
शाळेत पीटी शिकवून निवृत्त,
शिट्टी अजून गळ्यात.
म्हणजे पदक ठरलेलंच,
प्रश्न फक्त रंगाचा.

सात दिवस, सत्तरीचं रान, मार्च.
पहिल्या दोन दिवसांचं सांगण्यासारखं काही नाही.
गुडघा बोलला, मी ऐकलं नाही,
मग मी बोलले, त्यानं ऐकलं नाही.
रात्री चरावण्याच्या शाळेत बाकं जोडून झोपलो,
मलमाचा वास आणि वीस जणांचं घोरणं.

तिसऱ्या दिवशी सडा.
जांभा असा किसणीसारखा
की पडलात तर तळहाताचं खोबरं.
तिथे मी चालते, आणि त्याला धावणं म्हणते.
पोरं 'मावशी, बाजू' म्हणत सुसाट पुढे जातात
आणि पुढच्या वळणावर तीच पोरं उभी असतात,
नकाशा उलटा धरून, उत्तर कुठे विचारत.
मी उत्तर कुणाला विचारत नाही.
चौतीस वर्षं भूमापन खात्यात काढली,
समोच्च रेषा मला रेशनकार्डावरच्या नावांसारख्या वाचता येतात.

चौथा दिवस. कंट्रोल नऊ: विहीर.
काजूच्या बागेचा वायव्य कोपरा, निळं वर्तुळ.
गेले. विहीर नाही.
मागे जाऊन पावलं पुन्हा मोजली,
होकायंत्राची सुई स्थिर होऊ दिली.
विहीर नाही.
इर्मा धापा टाकत आली, तिनं आधी पोर्तुगीजमध्ये
आणि मग सविस्तर कोंकणीत
नकाशा काढणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरल्या.
खिळ्याच्या काठीनं बोंडू वेचणारी एक बाई
आमच्याकडे बघत होती.
'बाये, कितें सोदतात?'
'बांय.'
'बांय हांगा खंय? ती थंय, आंब्याकडेन.'

चाळीस मीटर पूर्वेला.
केशरी-पांढरा झेंडा लोंबत होता,
आणि रहाटाचा खांब बघताच मला आठवलं.

मे, सत्याऐंशी. साखळी धरणारा फटू तापानं फणफणलेला,
वाळपईची शेवटची बस सव्वापाचची.
एकच माप राहिलेलं.
मी बांधावरून विहीर पाहिली,
डोळ्यानं अंतर धरलं, पेन्सिलीनं टिंब टाकलं.
उद्या येऊन मोजू, म्हटलं.
उद्या दुसरं गाव होतं.

मग बढत्या आल्या, बदल्या आल्या, संगणक आले,
प्रत्येकानं ते टिंब निष्ठेनं पुढच्या कागदावर उतरवलं.
माझी अक्षरं गेली, सही गेली,
ते तेवढं राहिलं.
आणि इर्मा म्हणत होती, 'कोण गाढव असेल गं?'
मी म्हणत होते, 'खरंच.'

पाचव्या दिवशी मी धावले नाही.
गुडघा, असं सांगितलं.
फीत घेऊन एकटी बागेत गेले.
तीनदा मोजलं: एकेचाळीस, चाळीस, एकेचाळीस.
बोंडूवालीनं एक टोक धरलं,
कशासाठी, ते विचारलं नाही.

सहाव्या दिवशी इर्मा ओढ्यात घसरली.
पलीकडच्या उतारावरून मी शिट्टी ऐकली,
थोडा वेळ, खोटं कशाला बोलू, ऐकलीच नाही असं केलं,
मग फिरले मागे.
दोघींना मिळून पाच तास एकोणीस मिनिटं.
सोनं कुणाचं यावरून आयोजकांत वाद,
आम्ही तोवर पेज जेवत होतो.

निघताना क्लिफर्डला नकाशा दिला,
पेन्सिलीनं दुरुस्त केलेला.
'कुणी सांगितलं?'
'जिनं चूक केली तिनं.'
त्याला वाटलं मी थट्टा करते.
लॅपटॉपवर त्यानं ते निळं वर्तुळ बोटानं सरकवलं,
एक सेकंदही लागला नाही,
आणि विचारलं, 'आणखी काही?'
आणखी किती असतील, मी त्याला काय सांगणार?

बसमध्ये इर्मा म्हणाली,
'गुडघो कसो आसा?'
म्हटलं, 'चाळीस मीटर पूर्वेला.'
तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. बराच वेळ.
मग गळ्यातली शिट्टी उचलून
फुर्रर्र करून फुंकली.

ड्रायव्हरनं बस थांबवली.
कुणीच उतरलं नाही.