किल्ल्या

आमच्या बेटावर रविवारी
मैदानातले झोकेसुद्धा साखळीने बांधून ठेवत.
मागावर चादर, रेडिओवर चादर,
उद्याचे बटाटे शनिवारीच सोललेले.

बाबा चर्चमध्ये स्तोत्राची ओळ आधी एकटे म्हणायचे,
मग सगळी माणसं ती उचलायची,
ज्याची त्याची चाल, ज्याचा त्याचा श्वास,
खडकाखडकावर फुटत गेलेल्या लाटेसारखी.
कुणी मागे राहिलं तर कुणी वळून बघत नसे.

अकरा वर्षांची होते.
चुलीसाठी कापलेल्या पीटच्या ढिगामागे
मी इओनला सांगितलं, आपल्या विहिरीत एक बाई राहते.
तिच्याकडे सात किल्ल्या आहेत
आणि दार एकही नाही.
इओन तीन रात्री झोपला नाही.

बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं.
म्हणाले, "मर्डीना, जे घडलं नाही ते सांगणं
म्हणजे देवाच्या कामात लुडबुड."
आणि मागावर बसले. खटक, खटक, रात्रीपर्यंत.

त्यानंतर एकेचाळीस वर्षं मी घडलेलंच सांगत आले.
लोकरीचा भाव. बोट किती वाजता.
नॉर्मनच्या फुप्फुसातली गाठ किती सेंटिमीटर,
मग किती महिने, मग किती वाजता.
देवाशीही हिशेबाचंच बोलणं.
हरवलेलं मेंढरू, हरवलेलं नाणं,
ते तरी कुठल्या गावी घडलं होतं, बाबा?
हे सुचलं तेव्हा चाळिशी उलटली होती
आणि बाबांना कमी ऐकू येत होतं.

मागच्या जानेवारीत वादळ. बोटी बंद, वीज गेलेली,
इओनची नात आमच्याकडे अडकलेली, सहा वर्षांची,
आणि वार नेमका रविवार.
मेणबत्ती. चूल. खुर्चीत बाबा, नव्वदीला टेकलेले,
मांडीवर मिटलेलं काळं पुस्तक.
पोरगी खिडकीला नाक लावून म्हणाली,
"त्या विहिरीवर झाकण का आहे?"

पाणी घाण होतं म्हणून, हे उत्तर होतं माझ्याकडे.
पंचायतीने बसवलं, सालही सांगता आलं असतं.
तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं,
"तिथे एक बाई राहते."
आवाज माझाच होता, फक्त गंजलेला,
कोठारातला विळा हाती घ्यावा तसा.
"तिच्याकडे सात किल्ल्या आहेत..."

"नऊ," बाबा म्हणाले.

चुलीत काहीतरी कोसळलं.
मी त्यांच्याकडे बघितलं. ते आगीकडे बघत होते.
"नऊ किल्ल्या. आठ लोखंडाच्या.
सगळ्यात लहान, ती हाडाची."

माझ्या गोष्टीत हाड नव्हतं.
मी कधीच ठेवलं नव्हतं.
म्हणजे इतकी वर्षं त्या मागावर, खटक, खटक,
तो माणूस विहिरीत उतरत होता,
एकेक किल्ली मोजून परत वर येत होता,
आणि रविवारी सकाळी
स्वच्छ कॉलर लावून देवासमोर उभा राहत होता.

विचारलं नाही. विचारण्यासारखं ते नव्हतं.
त्यांनी फक्त हनुवटी जराशी उचलली,
चर्चमध्ये ओळ टाकून झाल्यावर उचलत तशी.

पोरगी त्यांच्या गुडघ्याशी सरकली.
"मग ती खाते काय?"
"ते मला ठाऊक नाही," बाबा म्हणाले,
"हिला विचार."