वरची धार

धडा दुधाचा. इयत्ता तिसरी.
पडद्यावर एक किटली, एक माप, एक पातेलं.
बोटानं माप ओढायचं, किटलीत बुडवायचं,
पातेल्यात ओतायचं. एवढंच.
एवढ्याला माझ्या अकरा रात्री गेल्या.

पहिल्या रात्री माप निळं केलं होतं.
दुसऱ्या रात्री वाटलं, निळं माप
इथं कुणाच्या दारात येतं?
मग ॲल्युमिनियमचं केलं, दांड्यापाशी पोचा आलेलं.
घरातला पोचा ठोकून निघतो,
हा ठोकून आणावा लागला.

'पुढे' हे बटण उजवीकडं होतं.
यास्मिन मुजावरच्या घरच्या फोनची काच
नेमकी उजव्या कोपऱ्यात फुटलेली.
तिथं बोट लागत नाही. लागलं तर कापतं.
म्हणून आता सगळ्या वर्गाचं 'पुढे' डावीकडं आहे.
तपासायला आलेल्या साहेबांनी विचारलं,
"यामागं काही शास्त्र?"
म्हटलं, आहे.

आवाज हवा होता, म्हणून गंगावेशीत गेले.
संध्याकाळ. कट्ट्यापाशी म्हशी,
तालमीतली पोरं ओठावरचा फेस मनगटानं पुसत उभी.
मी फोन चरवीला चिकटवला.
हिंदुराव बेलेकर धार काढता काढता म्हणाले,
"आवाज कशाला भरून न्यायला लागलासा?
दूध न्या की."
रिकाम्या चरवीत धार टणटणते,
भरत आली की नुसती पुटपुटते.
हे मला चाळिसाव्या वर्षी कळलं.
चाळीस सेकंद मिळाले. त्यात एक हॉर्न
आणि शेवटी म्हशीचा एक उसासा.
दोन्ही ठेवले.

चुकलं तर काय म्हणायचं, याला तीन रात्री.
लाल अक्षरात 'चूक' नको.
'पुन्हा प्रयत्न करा' म्हणजे
पैसे न देणारं बँकेचं यंत्र.
शेवटी दूध उतू घालवलं.
उत्तर चुकलं की पातेलं फुगतं,
पांढरं शेगडीभर ओघळतं
आणि आतल्या खोलीतून कुणीतरी ओरडतं,
"अगं बघ की गं तिकडं!"
तो आवाज माझाच, रात्री एकला काढलेला.
शेजारचे दार वाजवून विचारून गेले.
दुसऱ्या दिवशी सत्तावीस पोरं
मुद्दाम चुकली.

मग आठवा प्रश्न.
एक लिटर दूध मापून घेतलं. पातेल्यात किती आलं?
यास्मिननं लिहिलं, एक लिटर आणि वरची धार.
उतू गेलं.
तिनं परत तेच लिहिलं. परत उतू.
नोंदीत दिसतं, सहा वेळा,
रात्री नऊ दहा ते नऊ एकोणीस.
आई शिरोलीच्या फौंड्रीतून आल्याशिवाय
फोन हातात पडत नाही.
सकाळी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.
"बाई, हिंदूकाका माप झाल्यावर
वरनं जरा घालत्यात. रोज घालत्यात.
तुमच्यात ते कुठं गेलं?"

आज बारावी रात्र. उत्तराची चौकट उघडून बसलेय.
ती फक्त अंक घेते.
वरची धार किती मिली, हे मी
बेलेकरांना विचारून आले होते.
ते म्हशीकडं बघत म्हणाले,
"मापली तर ती धार न्हवं बाई.
मग ते दूधच झालं."

तर असं केलंय.
आकडा तोच ठेवला, हजार.
पण माप रिकामं झाल्यावरही
एखाद्यानं बोट उचललंच नाही,
तर एक बारीक पांढरी रेघ पडत राहते
थोडा वेळ.
सूचनेत हे लिहिलेलं नाही. याला गुण नाहीत.
आवाज गंगावेशीतलाच, शेवटचे काही सेकंद,
म्हशीच्या उसाशासकट.

रेघ पडद्याच्या डाव्या बाजूला पडते.