चार बोटं अन् अंगठा

नागपूरला वर्धा रोडवरच्या काचेच्या दुकानात
पियूषदादानं लाल गाडीच्या पाठीवर हात ठेवला
आणि तो काढेचना.
बैलबाजारात जनावर मनात भरल्यावर ठेवतात तसा.

"एका दिवसाचे पंच्याऐंशी हजार," दुकानातला पोरगा म्हणाला,
"ऐंशी किलोमीटरच्या वर वेगळे पैसे.
आणि ड्रायव्हर आमचाच."
आमची टेंभरी तिथून एकशे बारा.
म्हणजे ही गाडी ट्रकवर झोपून येणार,
फाट्यावर उतरणार,
आणि शाळेच्या मैदानातल्या मांडवापासून घरापर्यंत,
म्हणजे पाऊण किलोमीटर,
सहाशे घोड्यांनिशी चालणार
ब्रास बँडच्या मागं, ढोलवाल्याच्या पावलानं,
मे महिन्यात.

शेजारी काळी उंच गाडी उभी होती.
बाबांनी तिच्या दारावर टिचकी मारली,
आवाज ऐकला, टरबुजाचा ऐकतात तसा.
"हे घे. बावीस हजार. तुह्या तिन्ही आत्या बसतेत."
दादा म्हणाला, "लग्न मी आत्यांसाठी करून रायलो काय?"
येताना एस्टीत पुलगावपर्यंत कुणी बोललं नाही.
मी मधल्या सीटवर, दोन्ही गाड्यांचे कागद मांडीवर घेऊन.

संध्याकाळी शालिकमामा उईके आला.
बांधकाम खात्यात एकतीस वर्षं गँगमन,
आमच्या गावचा रस्ता त्याच्या हातचा.
त्यानं रंग विचारला नाही, किंमत विचारली नाही.
"पोटाखाली जागा किती?"
दादानं हात आडवा धरून दाखवला:
चार बोटं अन् अंगठा.
मामा उठला, शाळेपुढच्या ब्रेकरपाशी उकिडवा बसला,
वीत लावली. पूर्ण भरली.
"घासन बाप्पा," एवढंच म्हणाला.

त्या रात्री मी गच्चीवर जागी होते.
शाळेकडून सब्बलीचा आवाज येत होता,
थांबून थांबून,
म्हाताऱ्या माणसाच्या दमानं.

सकाळी प्रणोतीचा फोन.
होणारी वहिनी. तिवस्याला पतसंस्थेत रोखपाल,
आधी मोजते, मग बोलते.
"सीटा किती?"
"दोन."
"एकावर त्यायचा डायवर?"
"हो."
"दुसऱ्यावर तू?"
दादा गप्प. स्पीकर चालू होता,
आई कढईत पळी तशीच धरून उभी.
"सहाशे घोडे जुपले म्हणतोस,
अन् त्यात एक बायको बसत नाही?"

काळी गाडी आली.
आत्या आधी बसल्या, मग नवरानवरी, मग कुणाचं तरी लेकरू,
आणि आहेराची दोन पातेली, मागं.
शाळेपुढनं गाडी अशी गेली
की ब्रेकर होता हेच कुणाला आठवलं नाही.
दादालाही नाही.
तो खिडकीतून वर बघत होता, प्रणोती त्याच्या फेट्याचा शेमला
दारात अडकू नये म्हणून धरून होती.
शालिकमामा रस्त्याच्या कडेला उभा.
त्यानं वाकून गाडीच्या पोटाखाली पाहिलं,
दोन विती मोकळी जागा,
आणि मातीचे हात धोतराला पुसले.

चार दिवस दूधवाल्याच्या कॅनीतलं दूध सांडलं नाही.
चार दिवस पोट्टे सायकली सुसाट नेत होते,
आणि एकाचे गुडघे फुटले.
पाचव्या दिवशी सुट्टीतही मुख्याध्यापिका बाईंनी
मामाला शाळेत बोलावलं.
काय बोलल्या ते त्यानं कुणाला सांगितलं नाही.

ब्रेकर पुन्हा झाला. त्यानंच बांधला.
डांबर निवल्यावर मी सहज हात लावून पाहिला.
चार बोटं.
अंगठ्याएवढी फट
त्यानं वर सोडली होती.

"काहून मामा?"
तो घमेलं धूत होता. मान वर न करता म्हणाला,
"सांगता येते काय पोरी.
एखादा पोट्टा आणीनच."