दोन बाटल्या पाणी

बंद पडायला काही कारण लागत नाही.
एका मंगळवारी पाहुणे होते, बुधवारी सर्दी,
गुरुवारी उठले होते खरं तर, पाचला,
पण ओट्याशी उभी राहून चहा प्यायले
आणि चहा होईतो उजाडलंच.
मग मे महिना. मग ऑडिट.

तळजई माझ्या दारापासून अकरा मिनिटांवर.
ती तशीच राहिली अकरा मिनिटांवर,
मीच लांब गेले.
बुटाची एक नाडी रद्दीचा गठ्ठा बांधायला गेली.
दुसरी आहे अजून. एका नाडीचं काय करायचं असतं?

लेकीनं घड्याळ पाठवलं. दर तासाला
ऐन बेरजेत मनगटावर थरथरायचं: उठा. चाला.
काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं,
तिथं ते चार दिवस थरथरत राहिलं
टाचण्यांची डबी खुळखुळवत.

जिमची पावती आहे, फाइलला लावलेली.
पाच हजार, भागिले चार खेपा.
एका खेपेला साडेबाराशे.
तेवढ्यात रिक्षानं सासवडला जाऊन आले असते.

पद्मावतीला एकदा बससाठी धावले
तर कंडक्टर म्हणाला, "सावकाश काकू, थांबवलीय."
ते "सावकाश" मला आठवडाभर पुरलं.
पुरलं, पण उठवलं नाही त्यानं.
लाज म्हणजे काही पाचचा गजर नव्हे.

फेब्रुवारीत खळदकर सरांचा फोन.
चित्रकलेचे मास्तर, निवृत्त. टेकडीवर भेटायचो तेव्हा
"काय?" एवढंच म्हणायचे, तेही उताराला.
"गुडघा बदललाय. वर माझं एक झाड आहे,
टाकीच्या मागे, पिवळी चिंधी बांधलीय.
दोन बाटल्या, एक दिवसाआड.
तुम्हाला व्यायाम करा म्हणत नाहीये मी.
झाडाला तहान लागते, एवढंच सांगतोय."
आणि ठेवला.

चपला घालूनच गेले.
पिशवीत दोन लिटर, म्हणजे दोन किलो,
पहिल्या चढाला तीन झाले, वळणावर पाच.
तीनदा बसले.
कुत्रा घेऊन एक आजोबा पुढे गेले,
वर पोचून परत येताना पुन्हा भेटले,
मी अजून चढतच होते.

झाड?
काठी होती हो. करंगळीएवढी.
पान नाही, कोंब नाही, चिंधी तेवढी पिवळीधमक.
आळं मात्र बोटांनी थापून नीट केलेलं.
पाणी घातलं. माती आवाज करत प्यायली.

रात्री सरांचा फोन. "आहे का?"
"आहे."
"पानं?"
"येतील," मी म्हटलं.
खोटं नव्हतं ते.
आमच्या वहीत त्याला येणे बाकी म्हणतात.

मार्चमध्ये तुळशीबागेत नाडी घेतली.
एकच द्या म्हटलं,
दुकानदारानं नुसतं पाहिलं. जोडी घेतली.
आता वळणावर पिशवी दोनच किलोची असते.
पाळी नसते त्या दिवशीही जाते कधी, रिकाम्या हातांनी,
आणि काठीला सांगते, आज काही नाही हं.

मध्ये एक दिवस गेले नाही. मग दुसरा.
मला वाटलं, झालं, हेही आता रद्दीत.
तिसऱ्या दिवशी गेले.
चोपन्न वर्षांत मला हे कुणी सांगितलंच नव्हतं,
की तिसऱ्या दिवशी जाता येतं.

काल पोचले तर आळं ओलं.
माझ्या आधीच कुणीतरी पाणी घालून गेलेलं.
सालीला नख लावून पाहता आलं असतं
आत हिरवं आहे का. नाही लावलं.
बाजूच्या चिखलात चार गोल ठसे होते,
रबरी, जवळजवळ,
चौपायी काठी टेकवावी तसे,
आणि पुन्हा चार. आणि पुन्हा, उताराच्या दिशेनं.

माझ्या बाटल्यांतली एक शेजारच्या बाभळीला दिली,
दुसरी दगडावर बसून मीच प्यायले.

रात्री सरांचा फोन. "पानं?"
"येतील."
थोडा वेळ दोघंही गप्प.
"बरंय," म्हणाले.