छत्तीस अंश तीस मिनिटं

मानवतच्या जिनिंगचा भोंगा झाला
की आमचा चौथा तास.
इलियासमामू नकाशा खिळ्याला टांगतात :
अमेरिका, कापडी, जुनी,
कॅन्सस वाळवीनं खाल्लेलं.

ही रेषा, मी पट्टी टेकवतो.
छत्तीस अंश तीस मिनिटं.
वर गुलाम नको, खाली चालेल.
मिसुरी तेवढं रेषेच्या वर राहूनही खालचं.
अठराशे वीसची तडजोड, चार गुण.
मुलं पट्टी लावून रेषा ओढतात.
सरळ येते.
माझ्याही वहीत आली होती.

मग गाड्या निघाल्या पश्चिमेला,
बैल जुंपलेल्या, वर पांढरी ताडपत्री,
आपल्या फाट्यावर हंगामात लागते तशी रांग.
पुढं जमीन रिकामी होती, मी वाचतो.
त्या ओळीपुढं काल पेनानं प्रश्नचिन्ह केलेलं,
आज विसरलो.

"सर, रिकामी म्हंजे?"
उत्पला गायसमुद्रे, तिसरा बाक.
आठ दिवस नव्हती, वेचणीला होती.
बोटांवर बोंडांचे ओरखडे,
त्याच बोटांत पेन.

"म्हणजे लोक होते. पण त्यांच्या नावावर नव्हती."
"कोणाच्या कागदात?"

मला वाटलं, हिला सोपं करून द्यावं.
म्हणालो, तुमच्या गायरानासारखं बघ.

वर्गातून वारा गेल्यासारखा झाला.
पहिल्या बाकावरच्या रणबावळेनं मान खाली घातली.
त्याच्या चुलत्याची जनावरं होती त्या रात्री
चार एकर उभ्या ज्वारीत.
हे सगळ्यांना माहीत होतं.
मलाही. बोलल्यावर आठवलं.

"तसं नाही सर," ती उभी राहिली.
"गाडीवाले बाहेरून आले. आम्ही कुठून नाही आलो.
माझ्या आज्यानं तिथले दगोटे येचले,
माय अजून येचती.
आमाला त्या नकाशात बसवू नका.
आमचा गट नंबर दोनशे अकरा आहे."
आणि बसली.
वहीत काहीतरी लिहिलं, मी विचारलं नाही.

घड्याळात अकरा मिनिटं उरलेली.
अठराशे चौपन्न, मी घाईनं म्हणालो,
रेषा पुसली.
आता म्हणे तिथले लोकच मत देऊन ठरवतील
गुलाम ठेवायचे का नाही.
मत कोणाचं? गोऱ्या पुरुषांचं.
ज्यांच्याबद्दल ठरणार होतं ते सोडून.

"ग्रामसभा," मागून कोणीतरी बोललं.
एरवी हसली असती पोरं.

मग तिथं रक्त सांडलं, मी सांगितलं,
देशभर सांडायच्या आधी तिथं सांडलं,
आणि पट्टीचं टोक भोकातून आरपार गेलं.

तास सुटला. रणबावळे थांबला.
दप्तराचा बंद बोटाला गुंडाळत, सोडत, परत गुंडाळत.
"सर, रेषेच्या वरच्यांच्या गिरण्यांना
कापूस खालचाच लागायचा ना?"
"खालचाच."
"मग वरचे..."
पुढचं त्यानं गिळलं.

मी सांगितलं, ते लढले तेव्हा तिकडचा कापूस अडला
आणि आपल्याकडं भाव चढला.
पुस्तकात नाही हे.
"आपल्याकडं म्हंजे कोणाकडं?" त्यानं विचारलं,
अगदी तिच्यासारखं,
आणि स्वतःच दचकून निघून गेला.

खिडकीतून रुईचे तंतू येत होते,
बाकांवर, खडूच्या डबीत, माझ्या चष्म्यावर.
इलियासमामू नकाशा उतरवत म्हणाले,
"लई फाटलाय. ठिगळ लावू का?
सुती तुकडा आहे घरी."

कापूस कुठला असेल, माझ्या तोंडावर आलं होतं.
नको म्हणालो.
गुंडाळी होईपर्यंत भोकातून भिंत दिसत राहिली,
आणि भिंतीवर तीन बाक मागपर्यंत
मुलांनीच कधीतरी खिळ्यानं ओढलेली एक रेघ.
कशाची, ते मला
बारा वर्षांत विचारावंसं वाटलं नव्हतं.